म्होतराच्या पहाटेचा उजेड

आमच्या घरी उजाडायचं ते आधी कानाला. डोळे मिटलेले असायचे, अंगावर घोंगडी असायची, तिचा ओलसर मेंढरांचा वास नाकात असायचा आणि अंधारातच एकेक आवाज जागा व्हायचा. आधी जातं. मग आडावरचा रहाट. मग वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती ठोकलेल्या जाळीच्या कुंपणात, एखादं मेंढरू म्हाताऱ्यासारखं खोकायचं आणि त्याचं ऐकून बाकीची सगळी खोकायची. सगळ्यात शेवटी दादा खाकरायचे. दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी खाकरलं की घरात दिवस सुरू झाला असं समजायचं, मग बाहेर कितीका अंधार असेना. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, माझी माय आणि सगुणात्या. एकाच खुंट्याला दोघींचे हात. माय ओव्या म्हणायची, आत्या नुसती हुंकार द्यायची. ओवीत कधी ना कधी नवऱ्याचं नाव येतं आणि आत्यानं कुणाचं नाव घ्यायचं? पण त्या हुंकारात अशी काही गोडी होती की मला मायच्या ओव्या आज आठवत नाहीत, आत्याचा हुंकार मात्र जसाच्या तसा ऐकू येतो. इथं शहरात, पुंडलिकनगरात, पहाटे खालच्या मजल्यावरची मिक्सरची घरघर कानावर आली की मी अर्धवट झोपेत तो हुंकार शोधत बसते.

देवगाव रंगारीच्या शिवेला आमचं घर होतं. थोडी जमीन, थोडी मेंढरं, त्यामुळं दादा निम्मे शेतकरी आणि निम्मे धनगर. पोलीस ॲक्शन होऊन गेली होती. शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली होती आणि मुलींनाही बसू देत होते म्हणून मी बसत होते. दादा मात्र सही उर्दूतच करायचे, उजवीकडून डावीकडं, वळणदार. मी पाटीवर माझं नाव मराठीत लिहून दाखवलं की गंभीर चेहरा करून म्हणायचे, "यमे, तुझं उलटं हाय गं." आणि मी दर वेळी चिडायची. मी चिडकी होतेच, आजही आहे. सुनेला विचारा.

सगुणात्या दादांची धाकटी बहीण. तिचं लग्न लवकर झालं आणि पटकीच्या साथीत नवरा तितक्याच लवकर गेला. ती परत आली तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणजे मला कळायला लागलं तेव्हापासून ती आमच्याच घरची. तिच्याच घोंगडीत झोपायचं, तिच्याच हातची वेणी, तिनं फुंकून दिलेली भाकरी. ती बाजरीची भाकरी थापायची तेव्हा तिच्या हातांचा आवाज मायच्या हातांहून वेगळा यायचा. मायच्या हातात बांगड्या होत्या, आत्याचे हात मोकळे. डोळे मिटून मी सांगू शकायची की आज कुणाच्या हातची भाकरी मिळणार. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, त्यात कुस्करलेली भाकरी, वर कच्चा कांदा. एवढंच जेवण, पण आत्या वाढायची तेव्हा ताटाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत वाढायची.

माय तिला कधी टाकून बोलली नाही, हे मी मायच्या बाजूनं आधीच सांगून ठेवते. दोघींचं मीठ-मिरची एक, सरपण एक, हसणं एक. पण मायचा हळदीकुंकवाचा करंडा फळीवर वर ठेवलेला असायचा आणि आत्या त्या फळीला हात लावायची नाही. संक्रांतीला गावच्या बायका वाणाला आल्या की आत्या आपण होऊन मेंढरांकडं जायची. दादा कुठं महत्त्वाच्या कामाला निघाले की दाराच्या आड व्हायची. तिला कुणी सांगायचं नाही. आमच्याकडं अशा गोष्टी सांगाव्या लागायच्याच नाहीत, त्या पाण्यातून पोटात जायच्या.

त्या वर्षी सुगी झाल्यावर भागुजी नावाचा एक मेंढपाळ त्याचा कळप आमच्या रानात बसवायला आला. मेंढरं रात्रभर रानात बसली की जमिनीला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना आवतण द्यायचे. तो सिल्लोडकडचा, उंच, हाडकुळा. बायको बाळंतपणात गेलेली. माणसांशी कमी आणि मेंढरांशी जास्त बोलायचा. एका दुपारी तो आमच्या अंगणात आला तो एक आईवेगळं कोकरू काखेत घेऊन. दादा नव्हते, माय नव्हती. आत्यानं काही न विचारता कोकरू घेतलं, बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडात दिलं, आणि ते चोखायला लागल्यावर मान खाली घालूनच म्हणाली, "जगंल ह्ये." भागुजी म्हणाला, "तुमच्यापाशी जगंल." बस. एवढंच बोलणं झालं. मी उंबऱ्यावर शेंगा सोलत होते. मला त्या वयातही कळलं की हे कोकराबद्दल नाही.

नंतर तो दादांना भेटला, सरळ विचारलं. दादांनी दोन दिवस तोंड उघडलं नाही, तिसऱ्या दिवशी जेवताना आत्याला म्हणाले, "सगुणा, मानूस बरा हाय." आत्याच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. आमच्या घरात भाकरी करपल्याचं मला ते एकदाच आठवतं.

आता विधवेचं दुसरं लग्न आमच्या लोकांत होत नव्हतं असं नाही. होत होतं. त्याला पाट म्हणायचे, म्होतूर म्हणायचे. पण ते लग्नासारखं नसायचं. वद्य पक्षात, अवसेच्या तोंडावर, चंद्र नसताना, अंधारात करायचं. मांडव नाही, वाजंत्री नाही, दिवासुद्धा नाही. घराच्या मागं, गोठ्याच्या आडोशाला चार माणसं बसायची, एक जाणता म्हातारा काळी पोत बांधायला सांगायचा, बांगड्या भरायच्या, आणि उजाडायच्या आत नवऱ्यामुलानं बायकोला घेऊन गावाबाहेर व्हायचं. कारण त्या पहाटे तिचं तोंड कुणा सवाष्णीनं बघायचं नाही. बघितलं तर बघणारीच्या कपाळाला धोका. आणि पोत बांधायच्या आत उजाडलं तर म्होतूर मोडलं, पुढच्या अंधाऱ्या पक्षाची वाट बघा. आता हे लिहिताना माझा मलाच राग येतो. अंधारात काय चोरी होती ती? पण तेव्हा कुणाला राग यायचा नाही, सगळे आपापल्या जागी मुकाट बसायचे.

आत्याच्या बाबतीत पुढचा पक्ष नव्हता. भागुजीचा कळप गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, चाऱ्यासाठी निघायचा होता. थंडी पडली होती, इकडचं गवत संपलं होतं. त्याचा चुलता धोंडूबाबा, हाच जाणता म्हातारा, पुतण्यासाठी स्वतःच्या मेव्हण्याची कोवळी पोरगी मनात धरून बसला होता आणि आत्याचं नाव निघालं की नुसतं "बरं" म्हणायचा. आज बांधलं तर बांधलं. मोडलं तर धोंडूबाबा दुसऱ्यांदा बसणार नाही, हे दादांनाही ठाऊक, आत्यालाही ठाऊक.

म्होतराच्या आदल्या संध्याकाळी चुलीवर हरभऱ्याची डाळ शिजत होती. मी विचारलं, "माय, पुरण कशाला?" पाटाला गूळ-खोबऱ्यावर भागवायचं असतं, गोडधोड करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माय म्हणाली, "लागंल." मी म्हटलं, "कुणाला?" तर म्हणाली, "तोंड लई चालतंय तुझं, येलची कूट." मी वेलची कुटली. घरभर तो वास. आत्या कोपऱ्यात बसून कोकराच्या गळ्यात घालायला लाल लोकरीचा गोंडा करत होती, आणि वास आल्यावर तिनं एकदा मान वर करून मायकडं बघितलं. माय पाठमोरी होती.

त्या पहाटे जातं वाजलं नाही. मला जाग आली ती त्यानंच. शेजारची जागा रिकामी होती, पण घोंगडी सगळी माझ्यावरच गुंडाळलेली, पायांच्या खाली खोचलेली. आत्या अशी खोचायची की वारा शिरायला फट राहू नये. मी उठून बसले. माय आतून कडी लावून मागच्या दाराला पाठ टेकून बसली होती. अंधारात ती दिसत नव्हती, बांगड्या जरा किणकिणल्या म्हणून कळलं. मी दाराच्या फटीकडं सरकले तर तिनं माझी वेणी धरून ओढली आणि जवळ बसवलं. "आपल्याला बघायचं नसतं," म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ऐकत राहिले. परसातून, गंजीच्या पलीकडून, हळू बोलणं येत होतं. मग बांगड्यांचा आवाज. जैतूनबी मनियारीण अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजानं आत्याच्या हातात चुडा भरत होती. एक बांगडी चढली की टिचकीएवढा आवाज यायचा, मग थांबायचा, मग दुसरी. आत्याच्या हातांत बांगड्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला रडू आलं. आता ती जाणार, उद्यापासून भाकरी कोण फुंकून देणार, असलंच काहीतरी. मोठं काही नाही.

आणि एकदम फटींतून उजेड आत आला.

दाराच्या फळ्यांमधून पांढऱ्या रेघा जमिनीवर पडल्या आणि त्या थांबल्या नाहीत, चालायला लागल्या. मायच्या पदरावरून, माझ्या हातावरून, उतरंडीवरून, भिंतीवर चढल्या. आवाज काहीच नाही. मेंढरंसुद्धा गप्प. मायनं एक क्षण त्या रेघांकडं बघितलं आणि किंचाळली, "गंजी पेटली!" कडब्याची गंजी म्हणजे वर्षाची वैरण, आणि तिच्या आडोशाला सगळी माणसं बसलेली. काय बघायचं आणि काय नाही, हे सगळं ती तिथंच विसरली. भरलेली घागर उचलून कंबरेवर घेतली, कडी काढली आणि धावली. मी तिच्या मागं.

बाहेर जे होतं ते मला नीट सांगता येईल का, कुणास ठाऊक. उरुसात लावतात तसल्या गॅसबत्त्या आभाळभर लावाव्यात, तसा उजेड. पण त्याहून निळसर, गार. लिंबाच्या झाडाची सावली परसात पडली होती आणि ती पळत होती, झाड जागेवर आणि सावली पळतेय. घागरीची सावली, मायची सावली, माझी, सगळ्या एकदम गोल फिरल्या. वर बघितलं तर अजिंठ्याच्या डोंगराकडून वेरुळाकडं एक गोळा चालला होता. पांढरा, कडेनं हिरवा, मागं ठिणग्यांचा पदर ओढत. घाईत नव्हता. मला तर वाटलं तो सावकाश चाललाय, आपण बघावं म्हणून. ठिणग्या गळत होत्या आणि खाली येण्याआधीच विझत होत्या. भीती नव्हती हो, खरंच नव्हती. झोपेत आपण उडतो तेव्हा वाटतं तसं अंग हलकं झालं होतं.

मग मी आत्याला बघितलं. गंजीपाशी घोंगडीवर ती बसली होती. वर बघताना तिचा पदर मागं पडला होता. हिरवा चुडा, मोकळं कपाळ, तोंड किंचित उघडं, आणि डोळ्यांत तो गोळा सरकत होता. मी इतकी वर्षं तिच्या कुशीत झोपत होते पण ती इतकी देखणी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तिला बहुधा कुणीच कधी भर उजेडात मान वर करून बसलेलं पाहिलं नव्हतं. आणि तिच्यापासून दोन हातांवर माय उभी होती, कंबरेवर घागर, आणि ती आभाळाकडं बघतच नव्हती. ती आत्याच्या तोंडाकडं बघत होती.

वेरुळाच्या अंगाला गोळा दोनदा भडकला आणि विझला. काळोख पडला तो आधीच्यापेक्षा दाट. आभाळात नुसती एक फिकट धुराची रेघ राहिली, पीळ पडलेली, वातीसारखी. बऱ्याच वेळानं, उजेड विसरायला झालं होतं तेव्हा, लांबून आवाज आला. कोरड्या विहिरीत दगडांचा ढीग लोटावा तसा. जमीन पायाखाली हलली आणि कळप एकदम उठून ओरडायला लागला.

माझा नातू हल्ली गच्चीवर मोबाईल घेऊन बसतो आणि कोणत्या रात्री किती उल्का पडणार ते मला वाचून दाखवतो. तो म्हणतो, आजी, तो दगड असणार, आपल्या फ्रिजएवढासुद्धा नसेल. असेल बाबा. तो विचारतो, तू काही मागितलंस का, तारा तुटताना मागायचं असतं. मी म्हटलं, आमच्याकडं मागायचं नसायचं, थुंकायचं असायचं आणि राम राम म्हणायचं असायचं, कारण तारा तुटला म्हणजे कुणीतरी गेलं.

धोंडूबाबानं तेच केलं. थुंकला, राम राम म्हणाला, आणि मग त्याला माय दिसली. "सवाष्ण हितं कशी?" म्हणाला. दादा म्हणाले, "बाबा, तिला वाटलं आग लागली." धोंडूबाबा म्हणाला, "पोत कुठंय?" भागुजीनं मूठ उघडली. काळी पोत अजून त्याच्याच हातात होती.

"मंग मोडलं," धोंडूबाबा म्हणाला आणि गुडघ्यावर हात देऊन उठायला लागला. "पोत बांधायच्या आत उजाडलं."

"उजाडलं कुठं?" दादा म्हणाले. "अंधार हाय बघा की. अजून कोंबडंबी आरवलं नाय."

आणि आमचं कोंबडं आरवलं. ते मेलं त्या उजेडानं फसलं होतं, गंजीवर चढून गळा काढून ओरडत होतं. दुसरी वेळ असती तर मी हसून लोळले असते. जैतूनबी पटकन म्हणाली, "कोंबडा भी दिवाना है तुमारा. अगे, वो तारा नै था, फरिश्ते मारे शैतान कू. रस्ता साफ करे. बांधो, बांधो जल्दी."

"तुमचं तुमच्यापाशी, बी," धोंडूबाबा म्हणाला. मग मायकडं वळला आणि आवाज खाली आणला. ते खाली आणणंच वाईट होतं. "पोरी, तुझ्या कपाळाचा इचार कर. तू तोंड पाह्यलंस आन् वरनं तारा तुटला. एकाच घडीला."

सगळ्यांनी दादांकडं बघितलं. पूर्वेला नुकतं फटफटायला लागलं होतं, तेवढ्या उजेडात दादांचा पटका तेवढा पांढरा दिसत होता. त्यांनी तो सारखा केला. काही बोलले नाहीत. मी त्यांचा सदरा घट्ट धरला. आता दादा मरणार असं मला वाटलं, तिथल्या तिथं.

भागुजी म्हणाला, "माझं कायबी म्हननं नाय. सगुणाबाई म्हनतील तसं."

आत्यानं मायकडं बघितलं. "वैनीच्या कपाळापुढं मला कायबी नको," म्हणाली आणि बांगडी उतरवायला लागली. पण मनियारणीनं घट्ट भरलेला चुडा तो, असा निघतो होय? हात लाल झाला, निघेना. मग तिनं हात उचलला आणि शेजारी मिरच्या वाटायचा पाटा उभा करून ठेवला होता, त्यावर आपटायला नेला. बांगड्या फोडायला. ते तिला येत होतं, एकदा केलेलं होतं.

मायनं घागर टाकली. खाली पडून पाणी सगळ्यांच्या पायांत गेलं. तिनं आत्याचं मनगट हवेतच धरलं. दोघींचे हात एकमेकींत, जात्याच्या खुंट्यावर असायचे तसे. तिच्या दातांचा आवाज येत होता. तिला भीती नव्हती असं म्हणाल तर चूक. तिच्याएवढं त्या गोष्टी मानणारं आमच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

"यमे," माय म्हणाली, "आतनं दिवा आण."

"दिवा?" धोंडूबाबा ओरडला.

"आन् माझा करंडा आण. फळीवरचा." मग म्हाताऱ्याकडं न बघताच म्हणाली, "बाबा, पाह्यलंच हाय ना मी? मंग आता नीट पाहू द्या."

मी धावले. फळीवर हात पुरेना तर उतरंडीवर पाय दिला, एक मडकं फुटलं, कुणी रागावलं नाही. दिवा हातानं झाकत आणला. मायनं आत्याच्या कपाळाला कुंकू लावलं. ते जरा तिरपं लागलं. मग दिवा घेऊन तिला ओवाळलं, एकदा, दोनदा, आणि दिवा तिच्या तोंडासमोर धरून थांबली. म्होतराच्या बाईला सवाष्णीनं ओवाळलेलं आमच्या सात गावांत कुणी ऐकलं नव्हतं. आत्या डोळे मिटत होती तर माय म्हणाली, "उघड. इतकी वर्सं पहाटं उठून मी तुझंच तोंड बघत आले. तवा नाय माझ्या कपाळाला काय झालं, आजच व्हतंय व्हय?" आणि दोघी रडायला लागल्या. जैतूनबी पण. तिचं नाक सगळ्यांत जोरात वाजत होतं.

भागुजीनं दिव्याच्या उजेडात पोत बांधली. धोंडूबाबा पाठ फिरवून गंजीकडं तोंड करून बसला होता. हे म्होतूर मी मानत नाय, मी बघत नाय, म्हणाला. पण बांधताना जे चार शब्द म्हणायचे असतात ते पाठ फिरवलेल्या अवस्थेतच, गंजीला सांगितल्यासारखे, त्यानं म्हटले. तेवढं माणूसपण त्याच्यात होतं. नंतर पुरणपोळी दिली तर दोन खाल्ल्या.

ते निघाले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. घोड्यावर बिऱ्हाड, मागं मेंढरांचा लोंढा, घंटा, धूळ, आणि सगळ्यांच्या शेवटी आत्या, काखेत लाल गोंड्याचं कोकरू. वर आभाळात ती पिळदार रेघ अजून होती, उन्हानं गुलाबी झालेली आणि वाऱ्यानं विसकटत चाललेली. मी ओढ्यापर्यंत गेले. तिथं तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला तर बांगड्या वाजल्या, आणि तो हात मला परका वाटला. मी तिला म्हटलं, "तू जाऊ नको." ती म्हणाली, "वैनीला जप." घरी येऊन मी घोंगडीत शिरले आणि भाकरी कुणी थापतंय त्याचा आवाज ऐकायला नको म्हणून कानांवर हात घेतले. त्या ताऱ्याचा मला फार राग आला होता.

मायला जपायला हवंच होतं. त्या दिवसापासून दादांना नुसती शिंक आली तरी तिचा हात कपाळाकडं जायचा. रात्री निजायच्या आधी ती अंगणात जाऊन एकदा आभाळाकडं बघून यायची, चूल विझली का ते बघावं तसं. दादांना तिनं कधी काही सांगितलं नाही. मला मात्र माझ्या बाळंतपणात, माझं अंग चोळताना, एकदा म्हणाली, "लई वर्सं भ्याले गं मी." मी विचारलं, पस्तावलीस का? तर तेल हातावर घेत म्हणाली, "भ्याले म्हनलं. पस्तावले कवा म्हनलं?"

दादांना काही झालं नाही. दादा पुढं खूप जगले. आधी माय गेली, थंडीतच, भरल्या कपाळानं. त्या काळच्या बायकांचं तेवढंच एक मागणं असायचं. मला ते मागणं पटत नाही, पण तिचं होतं आणि तिला मिळालं. मी शहरातून पोचले तेव्हा मायला अंगणात ठेवलं होतं आणि भोवती बायका जमल्या होत्या. सवाष्ण गेली की सवाष्णींनी तिची ओटी भरायची, मळवट भरायचा. आत्या गंगथडीहून माझ्या आधी आली होती. केस पांढरे, चुडा हिरवा, भागुजी बाहेर लिंबाखाली बसलेला. पण ती दाराच्या आडच उभी होती, कारण बायका कुजबुजत होत्या की म्होतराची बाई हिला कुंकू कसं लावंल. ती आपण होऊन मागं झाली होती, पूर्वीसारखी.

दादा कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसले होते. त्यांनी मान वर केली. त्या पहाटे जे बोलायचं राहिलं होतं ते आता बोलले. "सगुणा, पुढं हो," म्हणाले. "तिला तूच लाव."

आत्या पुढं झाली. मायजवळ बसली, तिच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "यमे, दिवा आण."

"भर दुपारी दिवा कशाला गं?" कुणीतरी म्हणालं. "लख्ख ऊन तर पडलंय."

"आणू दे," आत्या म्हणाली. "मला वैनीला नीट पाहू द्या."

मी दिवा आणायला आत गेले.